गालावरचा पांढरा डाग: कोड, कुष्ठ की नुसती कोरडी कातडी?

गेल्या उन्हाळ्यात इंदूरच्या रामबागेतल्या एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. दोन्ही गालांवर रुपयाएवढे फिकट डाग. आजी शेजारणीशी बोलता बोलता "पोरीला कोड फुटलं की काय" म्हणून गेल्या होत्या. शेजारणीनं दुसऱ्या दिवसापासून आपल्या मुलीला तिच्याशी खेळू दिलं नाही. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, पण इंदुरात हिंदी कानाला तो 'कोढ़' ऐकू येतो, म्हणजे कुष्ठरोग. तिथं कोडाला 'सफेद दाग' म्हणतात. कोड तर स्पर्शानं पसरतच नाही, आणि कुष्ठाचा संसर्गही औषधं सुरू झाली की लवकरच थांबतो.

डाग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि कड आखून काढल्यासारखी. डोळ्यांभोवती, ओठांवर, बोटांच्या टोकांवर, बहुधा दोन्ही बाजूंना सारखा. त्यावरचे केसही कधी पांढरे होतात. कातडी मात्र एरवीसारखीच मऊ असते, खपली नाही, स्पर्श नीट कळतो. कुष्ठाचा डाग पांढराशुभ्र कधीच नसतो. तो फिकट किंवा तांबूस असतो, कोरडा, त्यावर केस विरळ, घाम कमी.

कुष्ठ ओळखायची घरोघरी ठाऊक असलेली परीक्षा म्हणजे बधिरपणा. डोळे मिटायला सांगून डागाला कापसाची वात लावायची आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. हातापायावर ही परीक्षा चांगली चालते, चेहऱ्यावर मात्र ती फसवते. चेहऱ्यात मज्जातंतूंचं जाळं इतकं दाट असतं की कुष्ठाच्या डागावरही स्पर्श कळू शकतो. "सुई टोचली, पोरगं ओरडलं, म्हणजे कुष्ठ नाही" असा निकाल गालावरच्या डागाचा लावू नका. मी अशा वेळी मान एका बाजूला वळवायला सांगतो आणि कानाखाली दोरीसारखी जाड नस (मज्जातंतू) हाताला लागते का ते बघतो. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस, कानाच्या पाळ्यांचा जाडपणा, भुवईचं बाहेरचं टोक विरळ झालंय का, करंगळीला मुंग्या येतात का. यातलं एकही सापडलं तर त्याच आठवड्यात एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, त्वचारोग विभागात. मेलेली नस परत येत नाही, म्हणून ही घाई. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, रोगाच्या प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने.

मुलांच्या गालावरचे बहुतेक डाग मात्र या दोन्हींपैकी नसतातच, ते नुसत्या कोरड्या कातडीचे असतात. साधारण 3 ते 16 वर्षं वय, कड धूसर, वर पिठासारखी बारीक खपली, घरात कुणाला तरी दमा किंवा ॲलर्जी. उन्हानं भोवतालची कातडी काळवंडते आणि डाग उठून दिसतो. जंतांचा किंवा कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही, आया कितीही ठामपणे सांगोत. व्हॅसलीन लावायचं, ऊन टाळायचं आणि धीर धरायचा, कारण रंग परतायला महिने लागतात.

शिबं, म्हणजे बुरशीचे डाग, तर ओळखायला सोपी. मान, छाती, पाठ, घामाचे दिवस, नखानं खरवडलं की भुसा निघतो. बुरशीचं मलम लागू पडतं, रंग मात्र मागाहून येतो.

त्या नातीला दोन महिने दुकानातून आणलेली 'गोरेपणाची' ट्यूब लावत होते. त्यात स्टेरॉइड होतं. कातडी पातळ होऊन गालांवर लाल रेषा उमटल्या होत्या. डागाची फिकट छटा आणखी वाढली होती, कारण स्टेरॉइडनंच कातडीचा रंग उडू शकतो. बुरशी असेल तर ती त्याखाली पसरते आणि आम्हालाही ओळखू येत नाही. निदान होईपर्यंत अशी ट्यूब चेहऱ्याला लावू नका.

कोडाची शंका असेल तर 'बघू' म्हणत वर्ष काढू नका. नव्या डागांवर उपचार लवकर लागू पडतात आणि चेहऱ्यावरचे डाग बोटांवरच्यापेक्षा चांगले भरून येतात.

नातीचे डाग कोरडेपणाचेच निघाले. निघताना आजींनी शेजारणीला दाखवायला चिठ्ठी मागितली. मी ती हिंदीत लिहिली: 'यह कोढ़ नहीं है, साथ खेलने दें।'