गंजगोलाईतले दगडफूल आणि त्यातली दाढी : एका मसाला दुकानाविषयी

लातूरच्या गंजगोलाईत मसाल्याची दुकाने पुष्कळ आहेत आणि दगडफूल त्यांतल्या बहुतेक सगळ्यांकडे मिळते. पण आलेले पोते चाळून, त्यातला काडीकचरा काढून, दगडफुलाचे प्रकार एकमेकांपासून वेगळे करून आणि विचारल्यास माल कुठल्या भागातून आला हे सांगून विकणारे दुकान मला एकच माहीत आहे. 1917 साली बांधलेल्या या गोल बाजाराला येऊन मिळणाऱ्या 16 रस्त्यांपैकी एकाच्या तोंडाशी ते आहे. काळा मसाला आणि येसर घरी करून विकण्याच्या माझ्या कामासाठी मी तेथूनच माल घेते. दुकानाविषयी माझी एक गंभीर तक्रारही आहे, त्यामुळे नाव देत नाही; मात्र त्या बाजारात पाच-सहा ठिकाणी दगडफूल हातात घेऊन पाहणाऱ्याला ते ओळखता येईल.

लग्नाच्या पंगतीतल्या येसर आमटीला जो खोल, किंचित धुरकट वास असतो, त्यात धणे, खोबरे आणि नागकेशराच्या बरोबरीने दगडफुलाचा वाटा असतो. कच्च्या दगडफुलाला तो वास जवळजवळ नसतो. थोड्या तेलावर मंद आचेने परतल्यावरच तो सुटतो, आणि म्हणूनच दुकानात नुसते हुंगून मालाची पारख होत नाही. पारख डोळ्यांनी आणि बोटांनी करावी लागते. बाजारात ज्याला सरसकट दगडफूल म्हणतात, त्यात अनेक जातींचे शैवाक (लायकेन) एकत्र आलेले असतात. मसाल्याचे मुख्य दगडफूल म्हणजे पार्मोट्रेमा पर्लाटम : वरून राखाडी, खालून काळे, पानासारखे पसरट आणि कडांशी मुरडलेले. त्याच पोत्यात अरुंद पट्ट्यांचे, काळे केस फुटल्यासारखे दिसणारे दुसरे शैवाक येते. आणि तिसरे म्हणजे झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारे, फिकट पोपटी धाग्यांचे दाढीचे दगडफूल, ज्याला शास्त्रीय भाषेत उस्निया म्हणतात. इतर दुकानांत हे तिन्ही एकाच भावात, एकाच मापाने पुडीत येतात. या दुकानात त्यांचे तीन वेगळे डबे आहेत, आणि माझ्या दृष्टीने दुकानाचे सगळ्यात मोठे मोल या तीन डब्यांत आहे.

तिसऱ्या डब्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्यातल्या मालाबद्दल गैरसमजही सर्वांत जास्त आहेत. उस्निया ही शेवाळाची जात नाही आणि झाडावर जगणारे बांडगूळही नाही. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. शरीराची बांधणी बुरशीची असते आणि तिच्या सालीखाली राहणारे सूक्ष्म हिरवे शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी 1867 साली हे मांडले, तेव्हा शैवाकांच्या अनेक नामवंत अभ्यासकांनी ते मानायला नकार दिला होता. उस्निया ज्या फांदीवर राहते तिच्यातून ती अन्नरस घेत नाही; फांदी तिला केवळ धरून राहण्यापुरती लागते. मुळे नसल्यामुळे पाणी आणि क्षार ती पाऊस, धुके, दव आणि हवेतल्या धुळीतून घेते, आणि पाणी नसेल तेव्हा वाळून निपचित पडते. पुन्हा ओलावा मिळाला की तिचे काम सुरू होते.

ती ओळखण्याची खात्रीची खूण दुकानदारांनी मला गल्ल्यावरच दाखवली. त्यांनी एक धागा वाटीतल्या पाण्यात बुडवला, तो मऊ पडल्यावर दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणला. बाहेरची पोपटी साल जागोजागी तडकून सरकली आणि माळेतले मणी बाजूला केल्यावर दोरा दिसावा तसा आतला पांढरा, लवचीक कणा उघडा पडला. “ताई, हा दोरा दिसला नाही तर दुसरंच काही तरी आहे असं समजायचं,” असे ते म्हणाले, आणि ते बरोबर आहे. लोंबणाऱ्या इतर शैवाकांत असा ताणला जाणारा कणा नसतो. नर्सरीत शोभेसाठी टांगलेले स्पॅनिश मॉस दिसायला असेच असले, तरी ते अननसाच्या कुळातले, फुले येणारे झाड आहे.

मसाल्यासाठी हा तिसरा डबा मी घेत नाही. उस्नियाला पोपटी-पिवळसर छटा देणारे उस्निक आम्ल चवीला कडू असते आणि परतल्यावरही तो कडवटपणा पूर्ण जात नाही, शिवाय पसरट दगडफुलाइतका वासही तिला येत नाही. मिसळलेल्या पुडीतले दगडफूल वापरल्यावर काळ्या मसाल्याला मागून जी कडसर चव येते, तिचे एक कारण हे धागे असावेत असे माझे मत आहे. निवडलेला माल वापरू लागल्यापासून ती चव माझ्या मसाल्यात राहिलेली नाही. मग तो डबा कोणासाठी? अत्तर आणि धूप करणारे लोक शैवाक घेतात. कनौजच्या हिना अत्तरात जो माल छडीला म्हणून पडतो तो शैवाकच असतो, कारण त्याचा मातकट वास इतर सुगंधांना धरून ठेवतो. लोकर रंगवणाऱ्यांना उस्निया उकळून पिवळसर ते तपकिरी छटा मिळतात. चिनी वैद्यकात ती सोंग-लो या नावाने वापरतात. हिमालयातला कस्तुरीमृग तर हिवाळ्यात फांद्यांवरून ओरबाडून तीच खातो.

माझी तक्रार याच डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल आहे. तीत खोकल्यापासून लठ्ठपणापर्यंत सगळ्यांवर गुणकारी असे लिहिले आहे. उस्निक आम्ल 1844 साली प्रथम वेगळे केले गेले, आणि विशिष्ट गटातल्या जिवाणूंची वाढ ते रोखते हे प्रयोगांतून पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे काही मलमांत आणि घामाचा वास घालवणाऱ्या उत्पादनांत ते वापरले जाते. परंतु अंगावर लावणे आणि पोटात घेणे यांत फार अंतर आहे. उस्निक आम्लाचा क्षार असलेली वजन घटवण्याची एक गोळी घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याचे समोर आल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 साली लोकांना ती ताबडतोब बंद करण्यास सांगितले होते. हे आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून साध्या काढ्यात ते थोडेच उतरते. पण चूर्ण करून खाणाऱ्याच्या पोटात मात्र ते सगळे जाते. मी हे दुकानदारांना समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि तरीही ती चिठ्ठी अजून तेथेच आहे. इतक्या निगुतीने माल निवडणाऱ्या माणसाने ती आजच काढावी, असे मी येथे पुन्हा आग्रहाने सांगते. यकृताचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि जाडी कमी करू पाहणाऱ्यांनी त्या चिठ्ठीवर विसंबून काहीही घेऊ नये.

लागवडीचा प्रश्नही याच गल्ल्यावर निघतो. एका शेतकरी गिऱ्हाइकाने माझ्यासमोर विचारले, “शेठ, हे आमच्या बांधावरच्या लिंबाला बांधलं तर येईल का? सोयाबीनला भाव नाही, म्हणून विचारतोय.” दुकानदारांनी खरे उत्तर दिले : “नाही मामा. हे पेरून येत नाही. त्याला थंड हवा लागते, धुकं लागतं. तुम्ही बांधाल, पण चैत्र-वैशाखात ते टिकायचं नाही.” माल खपवण्याची संधी असताना दिलेल्या या उत्तराबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. उस्निया वाढते ती ओली असताना उजेड मिळाला तरच. आपल्याकडे उजेड भरपूर आणि ओलावा पावसाळ्यातले काही महिने, त्यामुळे उरलेले वर्ष ती नुसती वाळून पडेल. अनुकूल जंगलातही बहुतेक जातींची वर्षाची वाढ मिलिमीटरांत, फार झाले तर थोड्या सेंटीमीटरांत मोजावी लागते. धाग्यांचे तुटलेले तुकडे वाऱ्याने दुसऱ्या फांदीवर अडकून तिचा प्रसार होतो, आणि याच गुणाचा उपयोग करून युरोप-अमेरिकेतल्या जंगलांत तुकडे बांधून ती पुन्हा वसवण्याचे प्रयोग झाले आहेत. पण ते संवर्धनासाठी होते, पीक काढण्यासाठी नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत उस्निया घाटेन्सिस या पश्चिम घाटातल्या जातीची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिच्या गुणांचा अभ्यास झाला आहे. प्रयोगशाळेतल्या अशा वाढीत द्रव्ये तयार होऊ शकतात, पण झाडावर लोंबते तशी दाढी तयार होत नाही. बाजारात येणारा माल जंगलातूनच गोळा होतो, आणि उत्तराखंडच्या वनविभागाने 2020 साली मुन्सियारी येथे शैवाकांचे उद्यान उभे केले ते याच संपत्तीची ओळख आणि जपणूक व्हावी म्हणून.

म्हणूनच माल कसा तोडला आहे हे पाहणे मला आवश्यक वाटते. उस्नियाचा झुपका एका बारीक बुडाने सालीला धरलेला असतो. पुडीतल्या प्रत्येक झुपक्याच्या बुडाशी सालीचा ताजा तुकडा असेल, तर तो जिवंत फांदीवरून ओरबाडलेला असण्याची शक्यता अधिक. वाऱ्याने पडलेल्या फांद्यांवरचा किंवा खाली गळलेला माल गोळा करणारा जंगलाचे नुकसान कमी करतो. या दुकानातला दाढीचा माल बहुतांशी सुटा आणि बुडाविना असतो. माल उत्तराखंडाकडून येतो असे दुकानदार सांगतात. ठिकाण कळणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. शैवाक हवेतले शिसे आणि इतर जड धातू अंगात साठवून ठेवतात, म्हणून वाहत्या रस्त्याच्या कडेच्या झाडांवरचे शैवाक खाण्यात येऊ नये. उस्निया तर गंधकाच्या धुराने मरते. ती दाट लोंबत असेल, तर तिथली हवा या धुरापासून बरीचशी मुक्त असते.

भाव शेजारच्या दुकानांपेक्षा चढा आहे, पण मिसळलेल्या मालातून खडे, पाइनच्या काड्या आणि सालपटे निवडून टाकल्यावर हातात जे उरते त्याचा हिशेब केला, तर फरक फारसा राहत नाही. वजनाबाबत मात्र ऋतू सांभाळावा. दगडफूल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते आणि पावसाळ्यात तेच पैसे पाण्याला जातात; चांगला वाळलेला तुकडा बोटांत धरून दुमडला की कट्‌कन मोडतो, आणि नुसता वाकला तर तो घेऊ नये. दुकानदार तुकडा मोडून पाहू देतात, कुरकुर करत नाहीत. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत माल बांधून देण्याची पद्धत मला पसंत नाही, म्हणून मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जाते आणि ते त्यातच वजन करून देतात. मसाल्यासाठी पहिल्या डब्यातले पसरट दगडफूल मागावे, वर्षाला लागेल तेवढेच घ्यावे आणि मसाल्याच्या गर्दीचे दिवस सुरू होण्याआधी, फाल्गुनात जावे. तेव्हा नवा माल आलेला असतो आणि दुकानदारांना डबे उघडून दाखवायला सवड असते.