घरी बसवलेला सोड्याचा केग: फेब्रुवारी ते दिवाळी वापरून आलेला अनुभव

घरी बिअर करणारे जगभर जी केगची, म्हणजे गॅसचा दाब धरणाऱ्या स्टीलच्या उभ्या डब्याची, जोडणी वापरतात, तीच मी आमच्या पुण्यातल्या धायरीच्या फ्लॅटमध्ये आलं-लिंबू, कोकम आणि साध्या सोड्यासाठी बसवली आहे. बिअर का नाही, ते आधीच सांगून टाकते. १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, मग ती घरच्या घरी प्यायला का असेना. शिवाय हा केग मुळात सोड्याच्याच धंद्यातला. कॉर्नेलिअस केग म्हणतात तो हाच. पेप्सीवाले बॉल लॉकचा वापरत, कोका-कोलावाले पिन लॉकचा; नळी जोडायच्या तोंडाचे हे दोन प्रकार. पुढे कंपन्या पिशवीतल्या सिरपकडे वळल्या, जुने केग स्वस्तात बाजारात आले आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ते उचलले. आपण तो पुन्हा सोड्याला लावतोय, एवढंच.

आधी पैशांचं. नऊ लिटरचा बॉल लॉक केग आठ हजारांना पडला, दोन किलोचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड, सोड्यातला गॅस) सिलिंडर साडेचार हजारांना, त्यातल्या गॅसचा दाब हवा तेवढा राखणारा दोन घड्याळांचा (दाबमापकांचा) रेग्युलेटर साडेतीन हजारांना, नळ्या-कनेक्टर-नळ मिळून दोन हजार आणि जुना सिंगल डोअर फ्रिज साडेचार हजारांना. म्हणजे साडेबावीस हजार. तयार मिळणारी नळवाली यंत्रं याच्या कितीतरी पुढे जातात. इतके महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: हात आखडायचा असेल तर नळावर आणि नळीवर आखडा, रेग्युलेटर आणि गारवा यांवर अजिबात नको. चकचकीत स्टीलचा नळ लावला म्हणून सोडा जास्त चढत नाही. माझा नळ साधा प्लास्टिकचा, हातात धरून दाबायचा, आणि त्याने एकदाही त्रास दिलेला नाही.

केग नऊ लिटरचाच घ्या असं मी आग्रहाने सांगेन. प्रसिद्ध माप पाच गॅलनचं, म्हणजे जवळपास एकोणीस लिटर. तो केग दोन फुटांहून उंच असतो. साध्या फ्रिजमध्ये त्याला जागा करायची तर सगळे कप्पे काढावे लागतात, आणि भरल्यावर एकट्या माणसाला तो उचलून आत ठेवणं जड जातं. नऊ लिटरचा केग एक कप्पा काढला की उभा राहतो. शिवाय घरचं सरबत ताजं असतं, त्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं. चार माणसांच्या घरात ते दोन-तीन आठवड्यांत संपायला हवं आणि नऊ लिटर बरोबर संपतं.

आता गारवा. पुण्याच्या उन्हाळ्यात सगळा खेळ तोच आहे. पाणी जितकं गार, तितका गॅस त्यात जास्त मुरतो. शून्य अंशाला एक लिटर पाणी साध्या वातावरणाच्या दाबाला १.७ लिटर सीओटू धरून ठेवतं, २५ अंशाला जेमतेम पाऊण लिटर, म्हणजे निम्म्याहून कमी. म्हणून बाहेर ठेवलेल्या कोमट केगला कितीही दाब दिला तरी ग्लासात फेसच जास्त येतो आणि जिभेला सोडा लागत नाही. माझा फ्रिज चार अंशांच्या आसपास राहतो. तपकीर गल्लीत बाहेरून जोडायचे तापमान नियंत्रक मिळतात, पण फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट धड असेल तर त्याची गरज पडत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हाही दार उघडलं नाही तर भरलेला केग दुपारभर गार राहतो. नऊ लिटर गार पाणी तापायला वेळ लागतो. फ्रिजचा खर्च दिवसाला साधारण एक-दीड युनिट येतो. जुना फ्रिज घेतल्यामुळे तो नव्यापेक्षा जास्त आहे, हे मान्य करूनच तो घ्यायचा.

फ्रिजच्या बाजूला भोक पाडून गॅसची नळी आत नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पुष्कळ फ्रिजमध्ये गरम गॅसच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून जातात. ड्रिल लागलं की फ्रिज भंगारात. दाराच्या रबराखालून सहा मिलिमीटरची नळी सहज जाते, रबर तिच्याभोवती बसतं आणि गारवाही फारसा सुटत नाही.

रेग्युलेटरच्या बाबतीत थोडं सविस्तर लिहिते, कारण पैसे वाया जातात ते इथेच. बोहरी आळीत वेल्डिंगचा सीओटू रेग्युलेटर स्वस्तात मिळतो आणि दुकानदार हाच चालेल म्हणतो. त्याच्या दुसऱ्या घड्याळावर बहुतेक वेळा मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दिसतं, दाब दिसत नाही. आपल्याला पीएसआयमध्ये (दाबाचं एकक) दाब दाखवणारं आणि साठपर्यंतचं घड्याळ लागतं. बाहेरून मागवलेल्या रेग्युलेटरचा नट आपल्याकडच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसेलच असं नाही, आटे वेगळे असतात. अडॅप्टर घ्यावा लागतो, म्हणून व्हॉल्व्हचं माप हातात घेऊनच खरेदी करा. मी ऑनलाइन मागवलेला पहिला रेग्युलेटर बंद ठेवला तरी केगमधला दाब रात्रभरात आपोआप चढवत होता. विक्रेत्याने तो बदलून द्यायला महिना लावला, आणि तोवर एप्रिल उजाडला. नवा रेग्युलेटर आला की आधी केगशिवाय तपासा. नळीचं टोक बंद करा, दहा पीएसआयला लावा आणि सकाळी काटा बघा. सरकला असेल तर त्याच दिवशी परत करा. आणि रेग्युलेटर व केग यांच्यामध्ये उलटा प्रवाह अडवणारा छोटा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर दाबाची गडबड झाली की सरबत थेट रेग्युलेटरमध्ये शिरतं.

सिलिंडरवरच्या मोठ्या दाबाच्या घड्याळावर तर विसंबूच नका. सिलिंडरमध्ये सीओटू द्रवरूपात असतो. जोवर थेंबभर द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरलाय त्यावर नाही. काटा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही आणि मग एकदम खाली येतो. त्यात आणखी एक गंमत आमच्या हवेची आहे. सीओटू ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्यामुळे एप्रिलच्या दुपारी गॅलरीतल्या सिलिंडरचा काटा चांगलाच वर चढलेला दिसतो आणि पहाटे परत खाली येतो. हे समजून घेतलं की घाबरायला होत नाही. गॅस किती उरला ते कळण्याचा खरा मार्ग वजनाचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घ्यायचा, सिलिंडर अडकवायचा, वजाबाकी करायची.

दोन किलो गॅस किती पुरतो? चांगल्या सोड्यासाठी एका लिटर पाण्यात चार लिटर गॅस मुरवावा लागतो, त्याचं वजन साधारण आठ ग्रॅम. शिवाय ते पाणी केगमधून बाहेर ढकलायला ३० पीएसआयला लिटरमागे सहा ग्रॅम जातात. म्हणजे लिटरला चौदा ग्रॅम, आणि दोन किलोत १४० लिटर. कुठे गळती नसेल तर पंधरा केग निघतात. मला रिफिलला चारेकशे रुपये लागतात, म्हणजे गॅसचा खर्च लिटरला तीन रुपयांच्या आत. रिफिल घेताना फूड ग्रेड गॅसच मागा. सिलिंडरवर दाबचाचणीची तारीखही ठोकलेली असते आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. जुना सिलिंडर स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याआधी ती तारीख वाचा.

सुरक्षेचं मी अगदी मनापासून सांगते. सीओटूला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. दोन किलो गॅस मोकळा सुटला तर हजार-अकराशे लिटर होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तेवढ्याने हवेत चार टक्क्यांच्या वर सीओटू होतो आणि ती पातळी जिवाला धोक्याची मानली जाते. सिलिंडर झोपायच्या खोलीत किंवा बंद स्टोअररूममध्ये ठेवायचा नाही म्हणजे नाही. आमचा गॅलरीत सावलीला आहे, उभा, साखळीने ग्रिलला बांधलेला. रिफिल आणताना गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या आणि उन्हात बंद गाडीत तो विसरायचा नाही.

आता फेस. नळ दाबल्यावर ग्लासभर नुसता फेस येतो तेव्हा लोक दाब कमी करतात. त्याने त्या दिवसापुरतं भागतं, पण केगमधला गॅस हळूहळू बाहेर पडतो आणि आठवड्याभरात सोडा बेचव होतो. उपाय नळीत आहे. ३० पीएसआयचा सोडा नळापर्यंत येताना त्याचा दाब हळूहळू उतरायला हवा, आणि तो उतरतो लांब, बारीक नळीत. बाहेरून येणारी खास नळी मी घेतलीच नाही. वॉटर प्युरिफायरची पाव इंची आरओ नळी घेतली. आतून ती चार मिलिमीटरच्या जरा वर असते, पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली असते, मीटरला किरकोळ पैसे पडतात आणि पुश-फिट कनेक्टरही आरओच्याच दुकानात मिळतात. सहा मीटर नळीचं वेटोळं करून ती फ्रिजच्या आतच केगवर ठेवली आहे. नळी आधी लांबच ठेवावी आणि धार फारच मंद वाटली तर थोडी थोडी कापावी. पहिले काही दिवस प्लास्टिकचा वास येतो. खायच्या सोड्याचं गरम पाणी दोनदा फिरवलं की तो जातो.

आल्याचं एक खास दुखणं आहे. केगच्या बाहेर येणाऱ्या तोंडात पॉपेट नावाची छोटी झडप असते, बॉलपेनात असते तशी स्प्रिंग असलेली. आल्याचा केसाएवढा रेषा तिथे अडकला की आधी धार बारीक होते, मग थुंकल्यासारखी येते आणि कनेक्टर काढल्यावर तोंडातून थेंब थेंब गळायला लागतं. खोलायचं तर गॅस बंद करून झाकणावरची रिंग ओढून आतला सगळा दाब आधी सोडायचा, त्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. तोंड उघडलं की पिवळसर रेषांचा छोटा बोळाच निघतो. तो काढून, पॉपेट धुऊन परत बसवायला दहा मिनिटं पुरतात. तरी ते टाळलेलंच बरं. आलं किसायचं, उकळून अर्क काढायचा, निवू द्यायचा, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचा, आणि फडकं पिळायचं नाही. पिळलं की रेषे उतरतातच. लिंबाचा गरही याच फडक्यातून. कोकमाचा आगळ त्या मानाने गुणी, फक्त तळाचा गाळ ओतायचा नाही.

नऊ लिटरला माझं प्रमाण: पाव किलोच्या वर ताजं आलं, पाऊण किलो साखर, बारा-तेरा लिंबं, चमचाभर सैंधव. सासूबाईंनी त्यात दोन लवंगा सुचवल्या आणि त्या आता कायमच्या झाल्या आहेत. सगळं गार करून केगमध्ये भरायचं, झाकण लावायचं, ३० पीएसआय देऊन झाकण घट्ट बसवायचं, आतली हवा दोन-तीनदा सोडायची आणि त्याच दाबावर आठवडाभर ठेवून द्यायचं. घाई असेल तर केग आडवा हलवून एका दिवसातही होतं, पण बुडबुडे तितके बारीक येत नाहीत. कॅम्पात अर्देशीरांचा सोडा १८८४ पासून आहे आणि त्यांच्या आल्याच्या सोड्यावर वाढलेल्या माझ्या नवऱ्याला घरचा तिखट लागतो. मला तो तसाच आवडतो.

केग धुवायला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, नंतर भरपूर साधं पाणी, शेवटी सायट्रिक ॲसिडचं पाणी. ब्लीच स्टीलला लावू नये, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. रबराच्या रिंगांमधला वास मात्र धुऊन जात नाही. केगमध्ये अशा पाच असतात: झाकणाची एक मोठी, दोन तोंडांच्या दोन, आतल्या नळ्यांच्या दोन. आल्यानंतर साधा सोडा भरला तर त्याला आल्याचा वास येतोच. म्हणून फूड ग्रेड सिलिकॉनच्या रिंगांचा दुसरा संच ठेवला आहे. प्रत्येक भरणीनंतर साबणाचं पाणी सगळ्या जोडांना लावायचं आणि बुडबुडे बघायचे. केसाएवढ्या गळतीने आख्खा सिलिंडर चार दिवसांत रिकामा होतो.

गणपतीत नळ दिवसभर चालू होता. आरतीला येणारं प्रत्येक मूल ग्लास घेऊन फ्रिजपाशीच उभं राहायचं, आणि प्लास्टिकची एकही बाटली घरात आली नाही, याचा मला फार आनंद आहे.

पुढच्या उन्हाळ्याआधी दुसरा नऊ लिटरचा केग घेणार आहे, साध्या सोड्यासाठी वेगळा. एकाच रेग्युलेटरला टी-जोड (दोन फाटे फुटणारा जोड) लावून दोन्ही चालतील, कारण दोघांनाही ३० पीएसआयच लागतो. कोंबुचा (आंबवलेल्या चहाचं पेय) करायचा असेल तर त्याला बारा-पंधरा पीएसआय पुष्कळ होतात, मग मात्र दुसरा रेग्युलेटर धरूनच हिशोब करा.