क्लच स्लिप मारत होता, दुसरीकडे इंजिन काम सांगितलं होतं - साताऱ्यातल्या गॅरेजचा अनुभव

गाडी स्प्लेंडर, ९७.२ सीसी, वय अकरा वर्षं, माझ्याकडे पहिल्यापासून. काम क्लचचं. गॅरेज साताऱ्यात आहे, बोर्डवर नुसतं 'दुचाकी दुरुस्ती' लिहिलंय, दुसरं नाव नाही. मी मिस्त्री काकांना ५ पैकी साडेचार देतोय आणि का देतोय ते जरा सविस्तर लिहितो, कारण हाच त्रास बऱ्याच जणांच्या गाडीला होतो आणि लोक उगाच इंजिन उघडून बसतात.

झालं असं की एका रविवारी बायकोला घेऊन कासला निघालो होतो. यवतेश्वरचा घाट सुरू झाला, तिसऱ्या गिअरला गाडी ओढेना म्हणून रेस दिली तर इंजिन भुंगभुंग ओरडतंय आणि स्पीडचा काटा जागचा हलत नाही. दुसरा टाकला तरी तेच. वर पोचेपर्यंत जळकट वास यायला लागला, बायको म्हणाली वायर जळतीये का बघा, पण वायरचा वास वेगळा असतो. कासला न जाता तिथूनच परत फिरलो. सपाटीला मात्र गाडी बऱ्यापैकी चालायची, त्यामुळे दोन आठवडे मी पण चालढकल केली, तेवढ्यात ॲव्हरेज ६० वरून ४५ वर आलं.

आधी एका दुसऱ्या गॅरेजला दाखवली, नाव लिहीत नाही. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडून बोअर पिस्टन करावं लागेल, साडेसहा हजार. खरं सांगतो, मी पैशाची जुळवाजुळव पण सुरू केली होती. शेजारच्या एकाने सांगितलं म्हणून ह्या काकांकडे गेलो.

काकांनी पानाच हातात घेतला नाही. पहिला प्रश्न, "चढाला आवाज पडतोय का चढतोय, ते सांगा आधी." म्हटलं चढतोय. "मग रिंगा बिंगा काय न्हाय. इंजिन दमलं की आवाज पडतो, क्लच सुटला की आवाज चढतो." हे एक वाक्य मला ११ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. रिंग गेली असती तर सायलेन्सरमधून निळसर धूर आला असता आणि ऑइल कमी झालं असतं, त्यांनी दोन्ही बघितलं, धूर नाही आणि ऑइल बरोबर लेव्हलला. चेनपण हाताने ओढून बघितली, कारण स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे, दात गेले असले तरी गाडी ओढत नाही असं वाटतं, पण त्याला कटकट आवाज येतो आणि झटके बसतात.

मग ऑइल कुठलं टाकलंय विचारलं. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारचं ऑइल टाकलं तर त्यातली जी द्रव्यं घर्षण कमी करायला घातलेली असतात त्यांनी क्लचच्या प्लेटा (एकमेकींना चिकटून इंजिनची ताकद पुढे नेणाऱ्या चकत्या) घसरतात. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात जासो (ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ असतं ते बाईकचं, एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी, कारण स्कूटरचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर असतो. माझ्याकडे बरोबर १०डब्ल्यू-३०, एमए लिहिलेलंच होतं, म्हणजे तो प्रश्न मिटला.

नंतर एका बोटाने क्लचची लिव्हर हलवून बघितली आणि तिथंच सापडलं. ढील शून्य. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर रिकामी हालचाल पाहिजे, मगच क्लचवर ताण यायला पाहिजे. माझी केबल तारेसारखी ताठ होती. आणि मला आठवलं की चार महिन्यांपूर्वी गिअर जड पडतात म्हणून मीच तक्रार केली होती तेव्हा एका ठिकाणी (हे पण नाव नको) केबल आवळून दिली होती. म्हणजे चार महिने मी न दाबताच क्लच थोडासा दाबलेला राहत होता, प्लेटा पूर्ण चिकटतच नव्हत्या आणि सारख्या घासत होत्या. त्यात प्लेटा झिजत गेल्या की ढील आणखी कमी होते, म्हणजे केबल आपोआप जास्तच ताठ. हे सगळं त्यांनी रिकाम्या चहाच्या दोन बशा एकमेकींवर ठेवून समजावलं. मला फार आवडलं ते, गिऱ्हाईक म्हणून कोणी इतका वेळ देत नाही.

आधी फुकटातलं काम केलं. केबल सैल करून ढील दिली आणि मला मागे बसवून जवळच्या चढाला तिसऱ्यात ३० च्या स्पीडला एकदम रेस दिली. थोडा फरक होता पण अजून आवाज पुढे पळत होता. तेव्हा म्हणाले प्लेटा जळल्यात, आता उघडावं लागेल, आणि उघडायच्या आधी खर्चाचा अंदाज सांगितला. नुसत्या केबलवर भागलं असतं तर पैसेच घेतले नसते असं पण म्हणाले, आणि मला ते खरं वाटतं कारण माझ्यासमोर एका पोराची केबल ॲडजस्ट करून तसंच पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा मी सुट्टी काढून थांबलो होतो. ऑइल काढलं, काळं आणि जळक्या वासाचं. किक काढली, उजवीकडचं कव्हर काढलं, प्लेटा बाहेर. घर्षणाच्या प्लेटांचं अस्तर काळं पडून काचेसारखं गुळगुळीत झालेलं, मधल्या लोखंडी प्लेटांवर निळे डाग. निळा रंग म्हणजे प्रचंड तापल्याची खूण. एकेक लोखंडी प्लेट काचेच्या तुकड्यावर ठेवून दाखवली, दोन प्लेटा सरळ डुगडुगत होत्या, म्हणजे वाकलेल्या. वाकडी प्लेट ठेवून नुसत्या नव्या घर्षण प्लेटा घातल्या तर दोन-तीन महिन्यांत परत तेच. स्प्रिंगांची उंची व्हर्नियरने मोजली, बसलेल्या निघाल्या म्हणून त्याही बदलल्या. बेलच्या (ज्या डब्यात प्लेटा बसतात त्याच्या) खाचांवर प्लेटांनी पाडलेले खड्डे हलके होते, कानस मारून सरळ केले. कव्हर उघडलंच आहे म्हणून ऑइलची जाळी आणि फिरणारा फिल्टर पण साफ केला, त्यात बोटभर गाळ होता, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले.

नव्या प्लेटा त्यांनी आदल्या रात्रीच ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळतात म्हणे. गाडी दोन दिवस अडकली ती ह्यामुळे, त्यावर मी चिडलो होतो, आता नाही. स्प्रिंगांचे बोल्ट पण एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले.

खर्च: कंपनीच्या प्लेटा, लोखंडी प्लेटा आणि स्प्रिंगा मिळून ८२०, पॅकिंग ७०, ऑइल ३९०, मजुरी ३५०. एकूण १६३०. जुने सगळे पार्ट पिशवीत घालून हातात दिले.

अर्धा मार्क का कापला तर लेखी बिल देत नाहीत, मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिलं. फोन उचलत नाहीत, बसायला जागा नाही, आणि गाडी सोडली की कधी मिळेल हे दोनदा जाऊन विचारावं लागतं. ज्यांना ऑफिसच्या वेळेत गाडी हवी त्यांना अवघड जाईल.

पहिले दोनशे किलोमीटर जोरात ओढू नका आणि ५०० झाल्यावर ढील परत तपासून घ्या असं सांगितलं होतं, तसं केलं, थोडी बदलली होती, दोन मिनिटांत करून दिली, पैसे नाही. सिग्नलला क्लच दाबून पहिल्यात थांबायची माझी सवय पण त्यांनी सोडायला लावली, आता न्यूट्रल करतो.

परवा पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढून आलो, डबलसीट आणि मागे तांदळाचं पोतं. तिसऱ्यात चढली, आवाज आणि काटा बरोबर. कासला आता पाऊस उघडला की जायचं ठरलंय.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर गर्दी असते. सोमवारी बंद. आणि जाण्याआधी घरीच लिव्हर हलवून बघा ढील आहे का.