स्वस्तात समुद्री टाकी : माझी फसवणूक कशी झाली

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास बडोद्यातील आमच्या घरी मी खाऱ्या पाण्याची एक लहान टाकी लावून घेतली आणि त्या व्यवहारात माझे ३४,२०० रुपये गेले. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच. पण त्याहून अधिक सलते ते हे, की त्या टाकीत सहा मासे आणि दोन कोळंब्या हकनाक मेल्या आणि नंतरचे पंधरा दिवस मी स्वतःच चोरी केल्यासारखा घरात वावरत राहिलो. या धंद्यातील लबाडी मालापुरती नसते. फसलेल्या माणसाने गप्प बसावे, याचीही तजवीज विकणाऱ्याने आधीच करून ठेवलेली असते आणि तेच सविस्तर सांगण्यासाठी मी हे लिहीत आहे.

आमची मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेची सहल जामनगरजवळच्या नरारा येथे गेली होती. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग; ओहोटीच्या वेळी तिथे गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे जवळून पाहता येतात. ती परत आली ती घरात एक लहानसा समुद्र हवा असा ध्यास घेऊनच. मला तो आवडला. मी मुंबईतील एका दुकानात चौकशी केली तेव्हा दोन फुटी टाकीचा, पाणी थंड ठेवणारा चिलर वगळून, ५५,००० रुपयांचा अंदाज मिळाला आणि तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मग शहरातील ज्या दुकानातून आम्ही पूर्वी गोड्या पाण्यातील मासे घेत असू, तिथल्या माणसाने घरी येऊन टाकी लावून देणाऱ्या एका इसमाचा नंबर दिला.

तो आला, मेज मोजले, भिंतीवर ऊन कुठपर्यंत येते हे पाहिले आणि सगळे मिळून २४,५०० रुपये सांगितले. टाकी, दिवा, पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर, दहा किलो ‘लाइव्ह रॉक’, मीठ, दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर कोळंबी, सगळे त्यात. बोलणे अतिशय नम्र होते. आमच्याशी मराठीत बोले, मध्येच गुजरातीत ‘चिंता ना करो, काका’ म्हणे. माझ्या पत्नीने विचारले, ‘अहो, पण पाडवा पाच दिवसांवर आला आहे, तोवर होईल का?’ त्यावर तो म्हणाला, ‘ताई, पाडव्याच्या मुहूर्तावर मासे पाण्यात सोडून देतो.’ मी त्याच क्षणी त्याला निरोप द्यायला हवा होता.

समुद्री टाकीत पाणी भरल्यापासून मासे सोडण्यापर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जावे लागतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषासारखा असतो; खडकाच्या आणि वाळूच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट करतात, तेव्हा कुठे पाणी माशांच्या लायक होते. शौकीन लोक याला सायकलिंग म्हणतात. या इसमाकडे त्यावर उत्तर तयार होते : जिवाणूंची एक बाटली, जी पाण्यात ओतली की वाट पाहावी लागत नाही. बाटलीवर ना कंपनीचे नाव होते, ना तारीख.

पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर तो मासे घेऊन आला. निळ्या उजेडात ते नारिंगी मासे खडकांमधून फिरू लागले तेव्हा मुलगी टाकीसमोरून उठायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी पंपाजवळ आडवी पडलेली होती. चौथ्या दिवशी एक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी उभा राहून भराभर कल्ले हलवू लागला आणि संध्याकाळपर्यंत गेला. सहाव्या दिवशी दुसरा. फोन केल्यावर तो म्हणाला, ‘निम्मे पाणी बदला, मी दिलेलेच मीठ वापरा, आणि मासे नवे आणतो.’ पुढच्या तीन आठवड्यांत त्याने दोनदा मासे आणि एकदा कोळंबी आणून ४,५०० रुपये घेतले, १,२०० रुपयांचे ‘पाणी सुधारण्याचे औषध’ दिले, आणि टाकी स्थिर झाली की ‘जामनगरकडचे खरे प्रवाळ’ आणून देतो म्हणून ४,००० रुपये आगाऊ नेले. माझ्या टाकीतला प्रत्येक मृत्यू त्याच्यासाठी नवी विक्री होती, हे मला फार उशिरा उमगले.

पुण्यात माझा भाचा राहतो, त्याच्याकडे अशीच टाकी सहा वर्षे आहे. त्याला मी सगळे सांगितले तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, ‘मामा, केएच मोजलात का?’ केएच म्हणजे पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण. मी म्हटले, पाण्याची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा काटा बरोबर १.०२५ वर आहे, म्हणजे पाणी समुद्राइतकेच खारट आहे. तो म्हणाला, खारटपणा कोणत्याही मिठाने येतो. त्याने कुरिअरने तपासणीचे संच आणि आपल्या वापरातील मीठ थोडे पाठवले.

रविवारी दुपारी आम्ही बापलेक स्वयंपाकघरात बसलो. दोन स्टीलच्या पातेल्यांत एकेक लिटर शुद्ध पाणी घेतले. एकात भाच्याचे मीठ ३६ ग्रॅम, दुसऱ्यात त्या इसमाने दिलेल्या बिननावाच्या पिशवीतले मीठ ३६ ग्रॅम. दोन्हीकडे हायड्रोमीटर जवळजवळ सारखेच दाखवत होता. मग काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन केएचचे थेंब टाकायला सुरुवात केली. यात पाणी आधी निळे होते आणि जितक्या थेंबांना ते पिवळे होईल तितका केएच समजायचा. समुद्री टाकीत तो साधारण आठ-नऊ असावा लागतो. भाच्याच्या मिठाचे पाणी आठ थेंबांपर्यंत निळे राहिले आणि नवव्याला पिवळे झाले. दुसऱ्या नळीत पहिला थेंब पडला आणि पाणी निळे झालेच नाही, थेट पिवळे झाले. मुलीने नळी धुऊन पुन्हा केले, तिसऱ्यांदा केले. तेच.

ते किराणा दुकानातील खडे मीठ होते, मिक्सरमधून काढलेले. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड असतात हे खरे, पण उरलेल्या भागावरच तिथले जीवन चालते : एका लिटरमध्ये सुमारे १,२९० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय पोटॅशियम, सल्फेट आणि पाण्याचा सामू टिकवणारे बायकार्बोनेट. हे नसेल तर आधी कोळंबी जाते, मग मासे. आणि मी दर आठवड्याला निम्मे पाणी काढून त्याच मिठाचे पाणी भरत होतो, म्हणजे मासे वाचवण्याच्या समजुतीने त्यांना मारत होतो. पाच किलोच्या त्या पिशवीचे त्याने हिशेबात १,५०० रुपये धरले होते. देशातले बहुतांश मीठ ज्या गुजरातेत पिकते, तिथे मिठातच फसलो.

बाकी गोष्टी भराभर उलगडत गेल्या. अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम निघाला, जो शून्य असायला हवा. स्किमर म्हणून दिलेली वस्तू म्हणजे प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसवलेला साधा हवेचा पंप होता. त्यात फेस धरतच नव्हता. बडोद्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चिलर किंवा निदान पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखा लागतोच, कारण या जीवांना २५-२६ अंशांचे पाणी हवे असते. त्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता आणि आमचे पाणी तेव्हा ३१ अंशांवर होते.

खडकांचे मात्र सावकाश सांगितले पाहिजे. ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे जिवाणूंनी आणि जांभळट शेवाळाने व्यापलेला सच्छिद्र समुद्री खडक. त्याची किंमत त्यावरच्या जीवांची असते. आमच्या खडकांवर सुरेख जांभळा रंग होता. भाच्याच्या सांगण्यावरून मी एक तुकडा बाहेर काढला आणि ओल्या अंगठ्याने घासला. रंग अंगठ्यावर आला, नखात शिरला आणि दोन दिवस गेला नाही. रंग उतरल्यावर खाली पांढऱ्या दगडात बारीक चांदण्यांसारखी खळगी एकाला एक लागून दिसू लागली. मुलगी म्हणाली, ‘बाबा, हे तर मी नराराला पाहिलंय.’

मी त्या इसमाला फोन केला, मीठ, रंग, सगळे सांगितले आणि पैसे परत मागितले. त्याचा आवाज जराही चढला नाही. तो म्हणाला, ‘काका, तक्रार करायची असेल तर जरूर करा. पण ते खडक तुमच्या घरात आहेत, माझ्या नाही. वनखात्याला काय सांगाल?’

त्या रात्री मी कायदा वाचला. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्याला आहे. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडासुद्धा बाळगता वा विकता येत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची आणि दंड किमान २५,००० रुपये. मला घाम फुटला. पुढचे पंधरा दिवस मी कोणाशी नीट बोललो नाही. दाराची घंटा वाजली तरी दचकत होतो. खडक पोत्यात भरून रात्री विश्वामित्री नदीत टाकून द्यावेत असा विचार माझ्या मनात एकदा नव्हे, अनेकदा आला. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिणे आवश्यक आहे, कारण तो इसम नेमका याच भीतीवर विसंबून होता. त्याने चुनखडीचे साधे दगड दिले असते तरी मला काय कळणार होते? त्यात प्रवाळाचे तुकडे मिसळले की ग्राहक तक्रारीला जात नाही, एवढा फायदा त्याला पुरेसा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी पत्नीच्या आग्रहावरून मी आमच्या परिचयातील प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली अकराही तुकडे पाहिले. सात साध्या चुनखडीचे होते, चार प्रवाळाचे सांगाडे होते. प्रत्येक चांदणी म्हणजे एका जीवाचे घर, असे त्यांनी मुलीला दाखवले. मग मला म्हणाल्या, ‘नदीत टाकू नकोस, लपवूही नकोस. जसे आहेत तसे घेऊन जा आणि कोणाकडून, कधी, किती पैशांना आले ते सगळे लिहून दे.’ मी तसेच केले. पैसे भरल्याच्या यूपीआयच्या नोंदी, त्याचे मोबाइलवरचे संदेश आणि टाकी लावतानाची छायाचित्रे जोडून लेखी अर्ज दिला आणि चारही तुकडे वनखात्याच्या स्वाधीन करून पोच घेतली. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझा जबाब शांतपणे घेतला. बाहेर पडलो तेव्हा कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्या इसमाला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर त्याने ९,००० रुपये परत केले, आणि पुढे फोन उचलणे बंद केले. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पावती नव्हती हा माझा दोष, पण यूपीआयच्या नोंदींमुळे अर्ज उभा राहू शकला. जे ८,००० रुपये मी रोख दिले होते, त्यांचा मात्र कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

ज्यांना कमी खर्चात अशी टाकी लावायची असेल त्यांनी मिठाची पिशवी कंपनीच्या सीलसह आपल्यासमोर उघडायला लावावी, आणि पैसे भरण्यापूर्वी केएच व अमोनियाचे संच स्वतःच्या पैशाने विकत घ्यावेत. माझ्या एकूण नुकसानीपुढे त्यांची किंमत नगण्य आहे. मासा कुठून आला हेही विचारावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त जागेत करण्याचे तंत्र विकसित केलेले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेलाच मासा घ्यावा लागतो असे नाही. आणि ‘जामनगरचे’, ‘ओख्याचे’, ‘खरे समुद्रातले’ असे शब्द कानावर पडले की तिथून उठून यावे.

टाकी आम्ही मोडली नाही. काच व्हिनेगरने धुतली, वाळू बदलली आणि भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे सच्छिद्र खडक त्यात रचले आहेत. प्रवाळ आणायचे नाही असे मुलीनेच ठरवले. दोन मासे पुरेत, म्हणाली. पाणी भरून आज २३ दिवस झाले. टाकीत अजून एकही मासा नाही. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर ती रोज संध्याकाळी अमोनियाचा आकडा लिहिते, काल ०.५ होता, आज ०.२५ आहे.