सेंद्रिय शेतीचं अनुदान 'मिळवून देणारा' माणूस गावात आलाय का? आधी हे वाचा

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात पेरणीच्या तोंडावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला. "परंपरागत कृषी विकास योजनेचा गट बांधतोय, हेक्टरी ३१,५०० रुपये मिळतात," इथूनच त्याने सुरुवात केली. ही केंद्र सरकारची सेंद्रिय शेतीची योजना, शेतकऱ्यांचे गट करून राबवतात. आकडा खरा आहे, म्हणून तर लोक बसून ऐकत राहिले. पण ही रक्कम तीन वर्षांची असते. त्यातले १५,००० रुपये सेंद्रिय निविष्ठांसाठी, म्हणजे खतं-औषधं वगैरेंसाठी, शेतकऱ्याच्या खात्यात थेट जमा होतात; बाकीचे प्रशिक्षण, प्रमाणीकरण, पॅकिंग आणि विक्रीवर खर्च होतात. हे त्याने सांगितलं नाही.

प्रमाणपत्राची फी म्हणून माणशी १,५०० आणि सेंद्रिय किटचे ४,२०० रुपये त्याने घेतले, तेही स्वतःच्या मोबाइल नंबरवर. चुलत्यांनी पावती मागितली तर म्हणाला, "काका, पावती ऑनलाइन निघते, अनुदानासोबतच येईल." सातबारा, आधार, पासबुकाच्या झेरॉक्स नेल्या त्या वेगळ्याच.

आता किट बघा. जीवामृताची, म्हणजे पिकाला द्यायच्या देशी द्रावणाची बाटली, आणि लेबलवर 'एक वर्षाच्या आत वापरावे'. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी एवढ्यात जीवामृत घरी होतं, आणि आठवडाभरात ते वापरून टाकायचं असतं. वर्षभर टिकणारं जीवामृत देणारी गाय आमच्या तालुक्यात तरी नाही! दुसरी बाटली निंबोळी अर्काची. बॅच नंबर नाही, तारीख नाही, पत्त्याच्या जागी नुसतं 'महाराष्ट्र'. झाकण उघडलं की रासायनिक फवारणीचा तोच उग्र भपका. चुलत्यांनी सोयाबीनवर मारलं आणि सकाळी अळ्या मरून पडलेल्या. गावात आधी कौतुकच झालं. पण निंबोळीने अळीचं खाणं बंद होतं, ती हळूहळू मरते. एका रात्रीत शिवार साफ होत नाही.

महिन्याभरात लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रं आली. वर 'पीजीएस-ऑरगॅनिक', आणि पिकाच्या रकान्यात बासमती भात. आमची जमीन कोरडवाहू, सोयाबीन-तुरीची.

पीजीएस म्हणजे सेंद्रिय प्रमाणीकरणाची सहभाग हमी पद्धत. तिच्यात गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात, मग प्रादेशिक परिषद मान्यता देते. शेत रासायनिकवरून सेंद्रियवर येण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन', ते पूर्ण झाल्यावर 'ऑरगॅनिक'. मागच्या हंगामात युरिया टाकलेल्या शेताला महिन्यात ऑरगॅनिकचा कागद मिळूच शकत नाही. शिवाय योजनेतल्या गटाचा प्रमाणीकरणाचा खर्च योजनेतच धरलेला असतो, मग ही फी कसली?

तालुका कृषी कार्यालयात विचारलं तर आमच्या गावाचा असा गटच नोंदलेला नव्हता. तोवर त्या माणसाचा फोन बंद. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट घेऊन आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत. कागदपत्रं त्याच्याकडे आहेत म्हणून बऱ्याच जणांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं, तेवढं तरी आपल्या हातात होतं.

कोणी गट बांधायला आला तर आधी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) फोन लावा आणि त्याच्यासमोरच बोला. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा. किटच्या बाटल्या फेकू नका, आणि फवारूही नका. आमच्या चुलत्यांकडची उरलेली बाटली तक्रारीसोबत जमा केली आहे.