काश्मिरी शालीवरून डिजिटल आर्ट करायचंय? तालीम, ट्रेसिंग की एआय

काश्मिरी शालींवर डिजिटल सिरीज करायची ठरवली असेल तर ब्रश आणि पॅलेट नंतर बघा, आधी कुठली शाल समोर ठेवताय ते ठरवा. कानी म्हणजे मागावर विणलेली, सोजनी म्हणजे सुईने भरलेली, लांबून दोन्हींत बदामाच्या आकाराचे बुटेच दिसतात पण दोन्ही घडतात अगदी वेगळ्या पद्धतीने, आणि तुमच्या फाइलचं काय होणार ते त्यावरच ठरतं.

कानी करायची असेल तर माझं मत सरळ तालीमच्या, म्हणजे विणकरासाठी खुणांनी लिहिलेल्या नमुन्याच्या बाजूने. विणकरासमोर चित्र नसतंच मुळी, कागदाच्या पट्टीवर खुणा असतात, कुठला रंग किती धाग्यांवर घ्यायचा एवढंच, म्हणजे दोन लाल, एक हिरवा, चार पांढरे, पुढची ओळ. नक्काश चित्र काढतो, त्याची तालीम लिहिली जाते आणि माग त्यावर चालतो. कंप्युटरवाले ज्याला रन-लेंथ एन्कोडिंग म्हणतात, म्हणजे सलग एकसारख्या घरांऐवजी रंग आणि त्याची संख्या लिहायची, ते हेच की, फक्त भोकांच्या कार्डांवर चालणारा जॅकार्डचा माग १८०४ मध्ये आला त्याच्या आधीपासून चालू असलेलं, आणि वाचायला माणूस. रंगीत धागा गुंडाळलेल्या बारक्या लाकडी काड्या, त्याच कानी, त्या जेवढ्यास तेवढ्या भागातून फिरवायच्या. पैठणीचा पदर ज्यांनी विणताना पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल, तंत्र त्याच कुळातलं आहे.

आता हे स्क्रीनवर कसं करायचं, तर मोठा ग्रिड घ्या, रंग मोजून सात-आठ ठेवा, अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणारी सेटिंग) बंद, आणि बुट्याची वाकडी शेंडी एकेक घर सरकवत काढा. इथे एक गोची आहे, उभे आणि आडवे धागे सारख्याच दाटीचे असतील असं नाही, त्यामुळे चौकोनी पिक्सेलवर काढलेला बुटा विणला की बसका किंवा ताणलेला निघू शकतो, म्हणून घराचं माप आधी ठरवा. शिवाय वीण ट्विलची, तिरक्या रेघेची, झूम केलं की कड तिरकी पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि ती पायरी स्मूथ करायचा मोह आवरा कारण गंमत तिथेच आहे. चित्र मोठं करताना निअरेस्ट नेबर, म्हणजे पिक्सेल जसेच्या तसे ठेवणारा पर्याय लावा नाहीतर सगळं धूसर होतं. वेळ प्रचंड जातो हे आधीच सांगतो, वीकेंडला एक बुटा नीट झाला तरी खूप. पण असा ग्रिड उद्या खऱ्या मागाकडे न्यायचा झाला तर बोलायला काहीतरी हातात असतं, श्रीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कार्पेट टेक्नॉलॉजीने गालिच्यांसाठी तालीम कंप्युटरवर आणायचं काम केलेलंच आहे.

सोजनीला मात्र ग्रिड नको, तिथे व्हेक्टर ट्रेसिंग, म्हणजे फोटोवरून पिक्सेलऐवजी रेघांनी गिरवायचं. टाका वळतो, रेघ वाहते, पेन टूल हातात बसलेलं असेल तर कानीपेक्षा कितीतरी लवकर होतं. अ‍ॅनिमेशन करायचं असेल तर आरीचं, म्हणजे आकड्याच्या सुईचं काम, जालकदोजी घ्या, साखळीटाका एकामागे एक उमटताना दाखवता येतो आणि ते बघायला भारी वाटतं. नुसते बुटे काढून कंटाळा आला असेल तर नकाशाच्या शाली बघा, लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये १९व्या शतकातली एक आहे, अख्खं श्रीनगर भरतकामात, झेलम, पूल, बागा, माणसं, आणि कुठूनही बघा कुठलीतरी बाजू उलटीच दिसणार. इंटरॅक्टिव्ह नकाशा करायला याहून चांगलं मटेरियल मला तरी माहीत नाही.

राहता राहिलं एआय. मूड बोर्डपुरतं ठीक, रंगसंगती पटापट बघायला तर उत्तमच. पण ‘काश्मिरी शाल’ टाइप केलं की सरसकट कोयरी येते, आणि ती बऱ्याचदा स्कॉटलंडच्या पेझ्ली गावच्या नकलांच्या वळणाची असते, १७व्या शतकातला मुळांसकट उभा एकेरी फुलझाडाचा बुटा मागा, मिळतच नाही. हाशिया, म्हणजे कडेची किनार, कोपऱ्यात जुळत नाही, पल्ल्यातले, म्हणजे टोकाच्या पट्ट्यातले बुटे मध्येच एकमेकांत वितळतात. क्लायंटला उद्या सकाळी तीन ऑप्शन दाखवायचेत तर वापरा, प्रदर्शनाला लावायचंय तर नको.

मूळ फोटोंचं पण बघून घ्या. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या वस्तूंचे बरेच फोटो सीसी झीरो, म्हणजे कुणालाही कशासाठीही वापरायची मुभा देणाऱ्या परवान्याखाली मोकळे केलेत, ते विकायच्या कामातही चालतात. व्ही अँड एचे फोटो वैयक्तिक आणि अभ्यासाच्या वापरासाठी मिळतात, धंद्यासाठी वेगळी परवानगी लागते. नुसतं इन्स्टावर टाकायचं असेल तर फारसा फरक पडत नाही, प्रिंट विकायच्या असतील तर मेटपासूनच सुरुवात करा.

आणि मोडालच्या (रेयॉनच्या जातीच्या) कापडावर डिजिटल प्रिंट काढून स्टोल विकणार असाल तर लेबलवर कानी किंवा पश्मिना लिहू नका, दोन्हींना जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारं भौगोलिक मानांकन आहे, ‘कानी शालीवरून केलेलं डिझाइन, डिजिटल प्रिंट’ एवढं लिहिलं की झालं. नाहीतर जाणकार गिऱ्हाईक कमेंटमध्ये शालजोडीतले देईल ते वेगळंच.