कॅमेरा माझाच परत आला, लेन्स दुसऱ्याची

जुन्या वस्तूंच्या दुकानांतून चांगला माल हेरायचा, साफसूफ करून ऑनलाइन विकायचा, असा जोडधंदा करणाऱ्यांना सगळे बजावतात की घेताना नीट बघून घ्या. विकल्यावर कसं गंडवतात, ते फारसं कोणी सांगत नाही.

मला पेंटॅक्स के१००० मिळाला होता, ५० एमएमच्या लेन्ससकट. १९७६ ते १९९७ एवढा काळ बनत राहिलेला हा कॅमेरा. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला. फिल्मवर शिकणारे तो आजही शोधत असतात. सगळ्या स्पीडवर शटर तपासलं, मीटरचा काटा हलतोय ना ते पाहिलं, लेन्स उजेडासमोर धरून बुरशी नाही याची खात्री केली आणि मगच जाहिरात टाकली. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा, दोन्ही सिरीयल नंबर फोटोंत स्वच्छ दिसत होते.

घेणाऱ्याचं खातं नवंकोरं. शटर-मीटरबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. चौकशी सगळी लेन्सची: आत धुरकट आहे का, ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त आत सोडणाऱ्या छिद्राच्या, पात्यांना तेल लागलंय का, अजून जवळून फोटो मिळेल का. जाणकार दिसतोय, असं वाटलं. होताच म्हणा!

पार्सल पोचताच तक्रार आली: वर्णनाप्रमाणे नाही, लेन्सला बुरशी आहे. थोडे पैसे परत देते म्हटलं तर ऐकेना, पूर्ण रिफंडच हवा. ज्याला खरंच कॅमेरा हवा असतो तो इथे निदान घासाघीस तरी करतो. परत आलेल्या खोक्यात कॅमेरा माझाच होता. लेन्स त्याच बनावटीची, पण आत बुरशीचं जाळं आणि नंबर वेगळा. स्वतःची खराब लेन्स लावून माझी चांगली ठेवून घेतली होती, तीही फुकटात.

दोन्ही नंबरांचे फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवले, पण तोवर रिफंड गेलेला होता. रिटर्न पोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर पडली आणि पैसे आपोआप सुटले. खोक्यात काय आहे ते कोण बघतंय? वर त्याचं म्हणणं, जाहिरातीतले फोटोच दुसऱ्या लेन्सचे. फोटोंवरून माझ्याकडे काय होतं ते कळतं, खोक्यात काय भरलं ते नाही, आणि त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

म्हणून आता नंबर दाखवण्यापासून खोकं बंद करून लेबल चिकटवेपर्यंत एकच सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही न तोडता. रिटर्न उघडतानाही तसाच. टर्नटेबलची सुई, घड्याळाच्या आतलं यंत्र, लॅपटॉपची रॅम, जे जे सुटं होऊन बदलता येतं त्या सगळ्यात हा प्रकार चालतो. रिटर्नची विनंती आली की मंजूर करण्याआधी बिघाड आणि नंबर एकाच फोटोत मागा. टाळाटाळ केली तर तीही चॅटमध्ये लेखी राहू द्या. 'फोनवर बोलू' म्हणाला तर जाऊ नका.